कोपऱ्यावरच्या वहिनींचा डबा

कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनींइतकी निलाजरी बाई अख्ख्या अमेरिकेत नसेल. मी त्यांना तोंडावर सांगितलंय तसं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, लाज धरून बसली असती तर या कॅरी गावात मले कुत्र्यानं ओळखलं नसतं."

मी चौथी शिकलेला गवंडी माणूस. मुलगा इथे औषधांच्या कंपनीत लागला, म्हणून आम्ही नवरा-बायको आलो. इथली घरं लाकडाची, भिंतीवर बोट वाजवलं तर पोकळ वाजतात. माणसं आत दारं लावून. कुणाकडे जायचं तर आठवडाभर आधी फोन. आणि या बाई घंटीसुद्धा न वाजवता आत. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बनियनवर, पाय टेबलावर टाकून बसलो होतो. त्यांनी सरळ फ्रिज उघडला आणि विचारलं, "दही घरी लावता की विकतचं?" मला वाटलं, घर चुकल्या. इंग्रजी त्यांचं माझ्याइतकंच, म्हणजे नाहीच, पण कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला थांबवून चहा पाजतात. मागे गाड्यांची रांग लागते आणि या त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. त्यांच्या दारात झाडाची सावली, म्हणून एकदा साबुदाण्याच्या पापड्या शेजारच्या गोऱ्याच्या गाडीच्या टपावर वाळत घातल्या. तो तसाच कामावर गेला. संध्याकाळी वायपरला चिकटलेल्या दोन सोडवून घेऊन आला. "आंटी, आय थिंक दीज आर युवर्स." मी म्हटलं, आता पोलीस येणार. वहिनींनी त्या दोन तिथल्या तिथे तळून त्यालाच खायला घातल्या. तेव्हापासून तो उन्हाळ्यात गाडी आपणहून उन्हात लावतो.

पण खरी कमाल त्यांच्या स्टीलच्या डब्याची. तो गल्लीभर फिरतो. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. इथले लोक मात्र घासूनपुसून, चकचकीत, रिकामा आणून द्यायचे. वहिनी तो हातात घ्यायच्याच नाहीत. झाकणावर टकटक करून म्हणायच्या, "एम्प्टी नो गुड." समोरच्या गोऱ्या म्हातारीला वाटलं, बिचारीच्या घरात खायला नाही. तिने डबा भरून कोंबडीच्या तंगड्या आणल्या. वहिनी माळकरी. मी बघत होतो, आता या काय करतात. वहिनींनी "थँक्यू, थँक्यू" करत डबा घेतला आणि म्हातारी वळल्यावर माझ्या हातात दिला. "तुम्ही खाता ना? खा. बोलाचं नाही कुठं." आमच्या हिने मग तो डबा घासला, त्यात लिंबाचं लोणचं भरलं आणि दोघी हसत बसल्या.

मागच्या हिवाळ्यात ही गेली.

लोक दारात फुलं ठेवून हळूच निघून जात होते. वहिनी आल्या त्या घंटी न वाजवता. शेगडी पेटवली, साचलेली भांडी घासली, पिठलं-भाताचा डबा माझ्यापुढे ठेवला. "रडा, नाहीतर जेवा. नुसते बसू नका." मी जेवलो.

डबा माझ्याकडेच राहिला. तो भरून द्यायचं काम हिचं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, स्टोअरमधल्या कुकीज टाका ना त्यात." म्हटलं, तिच्या हाताच्या जागी पुठ्ठ्यातली बिस्किटं? गप बस. मी दाराला आतून कडी घालायला लागलो. वहिनींनी एकदा दार वाजवलं, मी उठलो नाही. त्यानंतर मात्र मी हादरलो. साऱ्या गल्लीकडून दही, शिडी, गाडीचा टप मागणारी बाई स्वतःचा डबा मागेना. खिडकीसमोरून जायच्या, क्षणभर थांबायच्या आणि पुढे निघायच्या.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीची पंगत असते. गाड्या अडवायला रस्त्याच्या दोन्ही तोंडांना नारिंगी कोन उभे करतात, मधे टेबलं. यंदा मी खिडकीतूनच बघत होतो. मग उगाच मागच्या दारी गेलो. हिच्या मिरच्यांचं बी पडून आपसूक दोन झाडं उगवली होती, चांगली लगडलेली. मी पाण्याचा थेंब घातला नव्हता. मला स्वयंपाकातलं एकच येतं, बांधकामावर शिकलेला ठेचा. तव्यावर मिरच्या भाजल्या, लसूण टाकला, तांब्याच्या बुडाने रगडला, डबा भरला आणि कडी काढली.

टेबलावर डबा ठेवतोय तोवर पापड्यांच्या गाडीवाल्या शेजाऱ्याने चटणी समजून चमचाभर तोंडात घातला. लाल झाला, डोळ्यांतून धारा. तो घागरभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "मोअर."

वहिनींनी बोटावर घेऊन चाखला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मीठ कमी आहे. ताईंचा हात मिठाला सैल होता."

ती गेल्यापासून सगळे तिच्याबद्दल हळू आवाजात, चांगलंच बोलत होते. तिच्या हातचं खारट व्हायचं, हे कुणी बोललंच नव्हतं. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो.

आज सकाळी डबा परत आला, घंटी न वाजवता. आत गरम सांजा होता. खाऊन झाला. डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. झाडांवर अजून मिरच्या आहेत. मीठ किती घालू, हे विचारायला घरात कुणी नाही. अंदाजाने घालीन, जरा जास्तच.