ट्वायलाचे पास आणि जेराल्डीनबाईंची रांग

फ्लोरिडातल्या हेन्स सिटीत शाळेची पिवळी बस चालवणारी ट्वायला हेंड्रिक्स कधी आवाज चढवत नसे. मागे पोरांनी कितीही कालवा केला तरी ती समोरच्या लांब आरशात एकदा बघायची, आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळे आपापल्या जागी बसायचे. डेपोतले तिचे सोबती म्हणत, ट्वायलाला नाही म्हणायचं असेल तर घरून पोटभर जेवून यावं, कारण वेळ लागतो.

हा ठामपणा तिला कुणी शिकवला नव्हता. बाप लवकर निघून गेला. आई संत्री भरायच्या कारखान्यात रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची. दोन धाकट्या भावांचं खाणंपिणं, शाळा, ताप, सगळं ट्वायलाने अकराव्या वर्षापासून पाहिलं. भावांचे संसार मार्गी लागले तेव्हा कुठे तिने स्वतःचा विचार केला आणि कर्टिसशी लग्न केलं. कर्टिस घरांची छपरं घालायचा, कमी बोलायचा, आणि तिच्याहून सहा वर्षांनी लहान होता.

त्याच्या आईला, जेराल्डीनबाईंना, हे पचलं नव्हतं. त्या मूळच्या जॉर्जियातल्या. नवरा गेल्यावर मुलाजवळ राहावं म्हणून फ्लोरिडात आल्या आणि दोन गल्ल्या सोडून छोट्या घरात एकट्या राहू लागल्या. ट्वायलाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्यासमोरच त्या कर्टिसला म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली आहे. फक्त ती मुलगी नाही, बाई आहे."

ट्वायलाने ते हसून घेतलं होतं. पुढे बरीच वर्षं मूल होईना तेव्हा जेराल्डीनबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं मात्र तिला लागलं. मग सगळ्यांनी आशा सोडल्यावर जुळं झालं. मुलगी पर्ल, मुलगा एमॉस.

पोरं अडीच वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात ट्वायलाने ठरवलं की त्यांना सनहेवन या करमणुकीच्या पार्कात न्यायचं. घरापासून मोटारीने जाण्याएवढं जवळ, पण गावातले लोक जातात कमी; गर्दी सगळी बाहेरगावची. तिने नुसती तिकिटं काढली नाहीत. रांग टाळून पुढे जायचे महागडे पासही घेतले, स्वतःला, कर्टिसला आणि जेराल्डीनबाईंना. त्यासाठी वसंतात किती तरी शनिवार तिने बेसबॉलच्या पोरांना सामन्यांना नेण्याच्या जादा फेऱ्या मारल्या होत्या. पास म्हणजे मनगटाला बांधायचा एक हिरवा पट्टा.

सकाळी पार्कच्या दारात तिने तो जेराल्डीनबाईंच्या पुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"अडीच वर्षांच्या पोरांना तिकीटसुद्धा लागत नाही," त्या म्हणाल्या, "आणि तू रांग चुकवायला पैसे मोजलेस?"

"अडीच वर्षांचं पोर रांगेत उभं राहत नाही, मिस जेराल्डीन. ते रांगेत आडवं पडतं." सासूला ती दक्षिणेकडच्या रीतीने 'मिस' म्हणायची.

"कर्टिस राहायचा."

"कर्टिस अजूनही राहतो. जिथे उभा कराल तिथे."

कर्टिसने बाबागाडीचं चाक तपासायला घेतलं. त्या चाकाला काही झालेलं नव्हतं.

"चर्चमधल्या जेवणाला असं करशील का?" जेराल्डीनबाई म्हणाल्या. "वीस डॉलर देऊन म्हाताऱ्यांच्या पुढे ताट घेऊन जाशील?"

"चर्चवाले विकत असते तर विचार केला असता. आणि या पोरांना यातलं काही आठवणार नाही, हे सांगणार असाल तर तेही मला माहीत आहे. मला आठवेल. मी माझ्यासाठी आले आहे."

एवढं सरळ उत्तर जेराल्डीनबाईंना अपेक्षित नव्हतं. त्यांनी पट्टा घेतला, पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

पहिलीच गाडी काजव्यांची होती. छोटी आगगाडी अंधाऱ्या बोगद्यात शिरते आणि छतभर हिरवे दिवे लुकलुकतात. साधी रांग लोखंडी कठड्यांमधून चार वळणं घेऊन पार लिंबूपाण्याच्या टपरीपर्यंत आली होती. जेराल्डीनबाईंनी एमॉसला कडेवर घेतलं.

"मी याला घेऊन रांगेने येते. माणसासारखी."

"या," ट्वायला म्हणाली. "बघू कोण हसत बाहेर पडतं."

"मी बाबागाडीपाशी बसतो," कर्टिस म्हणाला. त्या घरात टिकून राहायची युक्ती त्याला सापडलेली होती.

पासवाल्यांच्या दारातून ट्वायला आणि पर्ल थेट फलाटावर पोचल्या. गाडी लागली, दोघी पहिल्या डब्यात बसल्या. ट्वायलाला मनातून बरं वाटलं. हेच तर हवं होतं. गाडी बोगद्यात शिरली, काजवे पेटले, पण पर्ल वर बघेना. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"एमॉ कुठाय?"

"येतोय तो. वर बघ, काजवे."

"एमॉ कुठाय?"

बोगदा संपेपर्यंत तिने हेच विचारलं. जन्मल्यापासून त्या दोघांनी एकमेकांशिवाय काही केलं नव्हतं, आंघोळही नाही. बाहेर येताच पर्ल तापल्या सिमेंटवर पसरली आणि तिने असा सूर लावला की लांबच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले. ट्वायलाने तिला चुचकारलं नाही. बॅग तिच्या डोक्याखाली सरकवली आणि शेजारीच फरशीच्या कडेला बसून राहिली. रडणारं पोर थकतं, घाई करून चालत नाही, हे तिला पाठ होतं. पण जादा फेऱ्यांचे सगळे शनिवार आता त्या सिमेंटवर आडवे पडलेत, हेही तिला दिसत होतं.

कर्टिस लिंबूपाणी घेऊन आला.

"हसू नकोस," ती म्हणाली.

"मी कुठे हसतोय?"

"तुझे कान हसतायत."

तेवढ्यात रांगेतून हशा ऐकू आला. ट्वायला उठून बघू लागली. तिसऱ्या वळणावर एक दांडगा माणूस होता, अलाबामाहून बायकापोरांसह आलेला, आणि त्याच्या खांद्यावर एमॉस बसला होता. एमॉसने पायातला बूट काढला होता आणि तो मागच्या-पुढच्या माणसांना पाळीपाळीने धरायला देत होता. लोकही तो गंभीरपणे हातात घेत, न्याहाळत आणि परत करत. जेराल्डीनबाई त्या माणसाच्या बायकोला काहीतरी रंगवून सांगत होत्या, बहुधा पीचचा मुरंबा कसा बिघडत नाही ते. त्यांचा चेहरा असा खुललेला ट्वायलाने कधी पाहिला नव्हता.

तिने पर्लला उचललं आणि कठड्यापाशी नेलं. भावाला बघताच पर्लचं रडणं थांबलं. एमॉस खांद्यावरून उतरला, दोघांनी गजांमधून एकमेकांचे हात धरले आणि सोडेनात. रांग दोन पावलं सरकली की आतून एमॉस सरकायचा आणि बाहेरून पर्ल. तिच्यामागे बॅग घेऊन ट्वायला. वळण आलं की ती वळायची, रांग थांबली की थांबायची. मनगटावर हिरवा पट्टा मिरवत ती अख्खी रांग बाहेरून लावत होती.

"काय ट्वायला," जेराल्डीनबाईंनी आतून विचारलं, "बाहेरून कशी वाटतेय रांग?"

"हवेशीर."

अलाबामाचा माणूस खो खो हसला.

"ही कर्टिसची बायको," जेराल्डीनबाई त्याला म्हणाल्या. "तिच्याकडे पास आहे."

फलाट दिसू लागला आणि एमॉस जेराल्डीनबाईंच्या खांद्यावर गाढ झोपला. त्या तरीही गाडीत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर लाळ गाळणारं पोर होतं आणि मान मात्र ताठ होती.

"झोपेत का होईना, पण बसला."

"माझी जागी होती, पण तिने काही पाहिलं नाही," ट्वायला म्हणाली. "म्हणजे बरोबरी."

"बरोबरी," जेराल्डीनबाईंनी मान्य केलं, आणि दोघी एकदमच कर्टिसकडे वळून म्हणाल्या, "तू कशाला हसतोस?"

जेवण झाल्यावर जेराल्डीनबाई पुन्हा हट्टाला पेटल्या. होड्यांची रांग लांब होती आणि त्या भागावर सावली नव्हती. ट्वायला नको म्हणाली, पण सकाळच्या बरोबरीने त्यांना जोर आला होता. या वेळी त्या एकट्याच शिरल्या, तुमची जागा धरून ठेवते म्हणाल्या. ट्वायलाने पोरांना सावलीत बसवलं, पण नजर रांगेवरून हलवली नाही. थोड्या वेळाने तिला जेराल्डीनबाईंची टोपी कलंडलेली दिसली. मग एक हात कठड्यावर गेला, मग दुसरा. त्या आता कुणाशी बोलत नव्हत्या.

ट्वायलाने पोरं कर्टिसच्या हवाली केली, दोरी उचलली आणि वाकून आत शिरली. "बाजूला व्हा, वाट द्या," एवढंच ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात, आणि लोक बाजूला झाले. तिने सासूच्या कमरेला हात घातला आणि सगळा भार आपल्यावर घेत त्यांना प्रथमोपचाराच्या खोलीत आणलं. तिथल्या नर्सने मानेवर ओले टॉवेल ठेवले, घोट घोट पाणी पाजलं, रक्तदाब दोनदा पाहिला. ऊन लागलंय, वेळेवर आणलंत, तासभर पडून राहू द्या, आणि आज पुन्हा उन्हात उभं राहायचं नाही, असं तिने बजावलं.

जेराल्डीनबाई डोळे मिटून पडल्या होत्या. "मला घरी सोडा," त्या पुटपुटल्या. "तुमचा दिवस घालवला मी."

"कुणी काही घालवलेलं नाही. पोरं झोपलीत, कर्टिस झोपलाय, आणि इथे एसी आहे. तुम्हीही झोपा."

त्या खरंच झोपल्या. उठल्या तेव्हा चेहऱ्यावर रंग परतला होता. नर्सने पुन्हा तपासलं आणि सावलीतून, जपून फिरायला हरकत नाही म्हणाली. ऊन कलतं झालं होतं. ट्वायलाने सासूची पर्स उघडली, पट्टा काढला आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून मनगटाला बांधून टाकला.

"मी विचारत नाहीये, मिस जेराल्डीन. सांगतेय."

"ते कळलं मला."

होड्यांच्या पासवाल्या वाटेने निघाले तेव्हा शेजारून साधी रांग चालली होती, मध्ये फक्त एक दोर. जेराल्डीनबाई प्रत्येकाला मान लववून पुटपुटत होत्या, "माफ करा हं. पोरं लहान आहेत. माफ करा."

"माफी कशाची मागताय? चोरी नाही केली आपण."

"तू गप्प बस. माझी मला मागू दे."

आणि नेमका त्या रांगेत अलाबामाचा माणूस उभा.

"काय हे, मिस जेराल्डीन," तो म्हणाला. "सकाळी आमच्यातल्या होतात, आणि आता आम्हाला सोडून चाललात?"

जेराल्डीनबाई कानापर्यंत लाल झाल्या. मग त्यांनी ट्वायलाचा दंड धरला. "माझी सून घेऊन चाललीय मला. हिच्यापुढे कुणाचं चालत नाही बघ. दुपारी मी कोसळत होते, तर हिने अर्धी रांग दूर सारून मला बाहेर काढलं. मी काय बोलणार?"

"मग जा बरं," तो माणूस टोपी काढून म्हणाला. "अशा बाईशी वाद घालू नये."

होडीत पर्ल आणि एमॉस पुढच्या बाकावर बापाच्या दोन्ही बाजूंना बसले आणि पाण्यातल्या लाकडी बदकांना हाका मारू लागले. मागच्या बाकावर दोघी बायका.

"खरं सांग," जेराल्डीनबाई म्हणाल्या. "रांगेचा एवढा कसला राग आहे तुला?"

"राग नाही. कंटाळा आहे. लहानपणी दोन्ही भावांना घेऊन मी सगळीकडे उभी राहिलेय. दवाखान्यात, फुकट धान्य वाटायचे तिथे, आईच्या पगारासाठी कारखान्याच्या खिडकीशी. लोक म्हणतात उभं राहून माणूस शिकतो. मी एवढंच शिकले की पाय दुखतात."

जेराल्डीनबाईंनी मान हलवली. होडी पुलाखालून गेली.

"माझं उलटं आहे," त्या म्हणाल्या. "घरी दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसतं. कर्टिस येतो, दिवा बदलतो, जातो. दुकानात गेले तर लोक हो-ला हो करून सटकतात. रांगेत तसं नाही. रांगेतून कुणी निघून जात नाही. जायचं म्हटलं तरी जागा जाते ना त्यांची."

ट्वायलाने त्यांच्याकडे पाहिलं. दोन गल्ल्यांच्या अंतरावर इतकी वर्षं काढून हे तिला माहीत नव्हतं. तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घेत बसणं हा तिचा स्वभाव नव्हता. होडी काठाला लागायच्या आत तिने ठरवून टाकलं होतं.

"डेपोत माणूस हवंय," ती म्हणाली. "बालवाडीच्या बसमध्ये पोरांबरोबर बसायला. सीटचे पट्टे लावायचे, रडणाऱ्याला सांभाळायचं. ती बस या वर्षी माझ्याकडे आहे. पगार बेताचा आहे."

"या वयात मला कोण घेणार?"

"मी सांगितलं तर घेतील."

"आणि दिवसभर तुझ्या हाताखाली राहायचं?"

"सकाळ-संध्याकाळ. मधल्या वेळात घरी जाऊन माझ्याबद्दल तक्रार करायची मुभा आहे."

होडीतून उतरल्यावर जेराल्डीनबाईंनी विचारलं की त्या कामाला गणवेश असतो का, आणि त्याचा रंग कोणता.

ऑगस्टात शाळा उघडली. तोवर जेराल्डीनबाईंची वैद्यकीय तपासणी झाली होती, प्रशिक्षण झालं होतं, आणि डेपोतल्या सगळ्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती. पहिल्या सकाळी त्या अंधारातच डेपोवर हजर झाल्या. निळा शर्ट कडक इस्त्रीचा, हातात घरच्या बिस्किटांचा डबा.

"बसमध्ये खायचं नाही," ट्वायला म्हणाली.

"हा नियम कुणी केला?"

"या बसमध्ये? मी."

जेराल्डीनबाईंनी काही तरी तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि डबा सीटखाली सरकवला.

तिसऱ्या थांब्यावर एक मुलगी चढली, आईचा हात सुटताच तिचे ओठ थरथरू लागले. जेराल्डीनबाईंनी तिला खिडकीपाशी बसवलं, पट्टा लावला आणि शेजारी बसून जॉर्जियातल्या घरामागच्या बकरीची गोष्ट सांगायला घेतली. मुलगी हुंदके देत ऐकत होती. मग हुंदके कमी झाले. मग पुढच्या बाकावरची दोन पोरं मान वळवून ऐकू लागली.

बस शाळेच्या दारात थांबली तेव्हा गोष्ट संपली नव्हती. ट्वायलाने दार उघडलं, पण कुणी जागचं हलेना.

"मिस जेराल्डीन, शाळा आली."

"कळलं मला," मागून उत्तर आलं. "बकरीला छपरावरून उतरू दे, मग पाठवते."

ट्वायलाने हॅन्डब्रेक ओढला आणि थांबली.