अल्बमला नमन नव्हतं

माझं नाव कुठेही येणार नाही आणि माझा चेहरा कुठेही दिसणार नाही, या दोन अटींवर मी ओरडायला तयार झाले. अटींचं कारण बाबा. ते मला रोज सांगतात, "जरा मोठ्याने बोल, भिंतीला ऐकू जातंय, आम्हाला नाही." मी मोठ्याने बोलू शकते आणि बोलते ते असलं, हे त्यांना कळायला नको होतं.

बँड दोघांचाच. पहिल्या मजल्यावरचा माझा शाळेपासूनचा मित्र गिटार वाजवायचा, ड्रम लॅपटॉप वाजवायचा आणि मी शब्द लिहून ते भरभर म्हणायचे. मध्येमध्ये किंचाळायचं. या प्रकाराला रॅप मेटल म्हणतात. राजकारणावर असेल तर जास्त बरं, असं मित्राचं मत होतं. आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत राजकारण शोधायला लांब जावं लागत नाही. गेटपासून नाक्यापर्यंत एकाच साहेबांचे वाढदिवसाचे बॅनर असतात. एक तर इतका मोठा होता, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत दिवसभर साहेबांचा कान दिसायचा. पाणी मात्र सकाळी अर्धा तास.

पहिलं गाणं मी इंग्रजीत लिहिलं होतं. मित्राने वाचलं आणि म्हणाला, "यार, हे वाचून साहेबांना वाटेल आपण शाळेत प्रवेश मागतोय." मग मराठीत लिहिलं. माझं मराठी स्वयंपाकघरात आणि जिन्यात शिकलेलं, पण शिव्यांच्या जवळपास जायला तेवढं पुरतं.

*फ्लेक्सवर साहेब, खिडकीवर साहेब,*
*नळाला विचारलं, तर नळ म्हणतो गायब.*

अल्बमचं नाव ठेवलं 'हार्दिक शुभेच्छा'. सहा गाणी. सगळी गुरुवारी संध्याकाळी रेकॉर्ड केली, कारण गुरुवारी मित्राचे आईवडील मठात जातात. त्याच वेळी त्याच्या घराच्या बरोबर खाली, सोसायटीच्या हॉलमध्ये भजनी मंडळाची तालीम चालते. सगळे कोकणातले, निम्मे गिरणीतून निवृत्त झालेले. पेटीवर बुवा आणि पखवाजावर माझे बाबा. त्यांच्या आवाजात माझा आवाज बुडतो, म्हणून मला तीच वेळ सुरक्षित वाटायची. मी वर गादी भिंतीला लावून किंचाळायचे आणि खाली बाबा ठेका धरायचे.

पखवाज रेकॉर्डिंगमध्ये उतरला होता, हे नंतर कळलं. मित्र म्हणाला, "राहू दे गं, खाली काहीतरी धमधमतंय ते झकास वाटतंय."

अल्बम इंटरनेटवर टाकला आणि आम्ही गहजब व्हायची वाट बघत बसलो. मित्राने वकील असलेल्या मामाला आधीच सांगून ठेवलं होतं. पण कोणी भडकेना. एक फोन आला तो थेट साहेबांच्या कार्यालयातून. वाढदिवसाला वाजवायला पेनड्राइव्हमध्ये मिळेल का, असं विचारत होते. मित्र दोन दिवस जेवला नाही.

"अगं, एक तरी माणूस चिडायला हवा ना," तो म्हणाला. "नाहीतर कशाला केलं?"

माणूस चिडला, पण भलताच. कोणीतरी तालमीत गंमत म्हणून मोबाइलवर आमचं गाणं लावलं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. बाबांनी घरी येऊन आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. मी शेजारी बसून मटार सोलत होते.

"बुवा म्हणाले, पखवाज माझ्या मंडळाचो. आमच्या ठेक्यार आमकांच टोमणे? ही बारी झाली."

आमच्याकडे डबलबारी असते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने गाण्यातून एकमेकांना टोमणे मारतात. टोमण्याला उत्तर दिलं नाही, तर हरलात. बुवांना रॅप मेटल ठाऊक नव्हतं, पण ठेक्यावर अपमान म्हणजे काय ते ठाऊक होतं. साहेबांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नळाची ओळ त्यांनी स्वतःवर घेतली, कारण पाणी सोडायचं काम सोसायटीत त्यांच्याकडेच होतं.

"वर म्हणतात, त्या पोराला शिस्त नाही," बाबा म्हणाले. "नमन नाही, अभंग नाही, देवाचं नाव न घेता थेट नळ. पण दम आहे म्हणाले."

"कोणत्या पोराला?" आईने विचारलं.

"ओरडतो तो. घसा बसणार त्याचा एक दिवस. पण लय सोडत नाही, मी नीट ऐकलं."

बाबांनी माझं असं कौतुक यापूर्वी कधी केलं नव्हतं. मी मटार सोलत राहिले.

सोसायटीच्या सत्यनारायणाला डबलबारी ठरली. गिटार कोणाची ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, म्हणून बुवांनी मित्राला जिन्यात गाठून आमंत्रण दिलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"तू ये," मित्र मला म्हणाला.

"अट काय ठरली होती?"

"अगं पण मी गातो तेव्हा कुत्री उठून जातात."

"मग नळाबद्दल माफी माग."

"ते पण गाऊनच मागावं लागेल, यार."

शेवटी तोच बसला. पूजेच्या दिवशी हॉल भरला होता. एका बाजूला बुवा, बाबा आणि टाळ घेतलेले आठ काका. दुसऱ्या बाजूला मित्र, गिटार आणि लॅपटॉप. मी बायकांच्या बाजूला सगळ्यात मागे, द्रोणांमध्ये शिरा भरायचं काम मागून घेऊन बसले.

मित्राने सुरुवात केली. माझ्या ओळी त्याच्या तोंडून अशा आल्या, जशा डॉक्टरकडे जीभ बाहेर काढून बोलतात. नळापर्यंत आला आणि धाप लागून थांबला. बाबा समोरच्या मंडळाचे, तरी त्याला साथ करत होते; दयेपोटी त्यांनी ठेका हळू केला. त्याने ते आणखीच वाईट वाटलं. मग बुवांनी पेटी ओढली.

*ठेको आमचो, ताल आमचो, तुमचा काय ता दाखवा,*
*आवाज आणलात खंयसून बुवा, धन्याक त्याच्या बोलवा.*

बारीत समोरच्यालाही बुवाच म्हणतात. आवाज कुठून आणला, त्याच्या मालकाला बोलवा, ही ओळ आठ काकांनी उचलली. हॉल हसायला लागला. मित्र लॅपटॉपची बटणं दाबत होता, त्यातलं एकही कामाचं नव्हतं. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "गेला बिचारा. मुळात आवाज चोरीचाच असणार, शब्द पण."

शब्द चोरीचे म्हटल्यावर माझ्या हातातला चमचा शिऱ्यात उभा राहिला. त्या ओळीतला 'गायब' मला मिळायला आठवडा लागला होता. बुवा तिसऱ्यांदा तीच ओळ घेत होते, म्हणजे आता शेवटची संधी. मी उठले. मध्ये बसलेल्यांना "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" म्हणत, चपला चुकवत पुढे गेले. मित्राने माझ्या हातात माइक दिला आणि तो चक्क गिटारीच्या मागे लपला.

मी बाबांकडे बघितलं नाही. नळापासून सुरू केलं, पूर्ण कडवं म्हटलं आणि शेवटी जे किंचाळायचं होतं ते किंचाळले. पहिल्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं, मग गप्प होऊन बघत राहिलं. पखवाज मात्र थांबला नव्हता. मध्ये कुठेतरी तो दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत गेला होता आणि मी त्याच्याबरोबर गेले होते.

मी माइक ठेवून निघाले, तर बुवांनी हात वर केला.

"ए बाय, खंय चललंस? उत्तर ऐकल्याशिवाय उठूचा नसता. बस."

मी बसले. सगळ्यांच्या समोर, मांडी घालून, हाताला शिरा लागलेला. बुवांनी खाकरून घेतलं, माझ्याकडे निरखून बघितलं आणि जागच्या जागी रचून गायले:

*लिफ्टीत भेटता तेवा मांजर, हंय येवन वाघ,*
*बापाशीच्या पखवाजार चेडू काढता राग.*

चेडू म्हणजे मुलगी. आता मात्र मला बाबांकडे बघावंच लागलं. बाबा त्यांच्या मंडळाच्या बाजूने वाजवत होते, माझ्याविरुद्ध, मान हलवत, आणि फार मजेत वाजवत होते. काकांनी ओळ उचलली. बाबांनी भुवया उडवून मला विचारलं, काय, देतेस का उत्तर?

मी मित्राकडे हात केला. "पेन दे लवकर," मी म्हणाले, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.