मेणाचा कोट

निवृत्तीनंतर मला पक्षी पाहायचा नाद लागला. रविवारी मी आणि माझी धाकटी बहीण हिंगोलीहून सिद्धेश्वर धरणावर जायचो. पावसाळ्यात दुर्बीण सांभाळता सांभाळता दोघीही चिंब व्हायचो, म्हणून मी एक भारी जाकीट मागवलं. अळूच्या पानावरून ओघळावं तसं पाणी त्याच्यावरून ओघळायचं. मी खुशीत होते.

माझी लेक पुण्यात कापडावरच्या प्रक्रियेचं काम करते. सुटीला आली तेव्हा तिनं जाकीट उलटंपालटं करून पाहिलं, कंपनीला फोन लावला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, ह्याच्यावरचं रसायन कुजत नाही. धुताना थोडं थोडं सुटतं आणि पाण्यात जातं. तिथून माशांत, मग आपल्यात."

"म्हणजे धरणावर जाऊन मी धरणच नासवून राहिले का?"

"एकट्या तुझ्यानं काय होतंय? पण नसलेलं बरं. तसल्या रसायनाशिवायचीही मिळतात, मागवू."

"मागवायचं काहून?" बहीण म्हणाली. "आपले आबा बैलगाडीवर मेणकापड टाकायचे की."

जाकीट परत गेलं आणि आम्ही तिघी कामाला लागलो. दाट विणीचं सुती कापड घेऊन कळमनुरीच्या एका जुन्या शिंप्याकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. आमचा बेत ऐकून त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिलं आणि विचारलं, "मेण आधी लावणार का मागून?"

"आधी," मी म्हणाले.

"मंग सुईला तकलीफ होईल. आधी शिवू, मंग लावा."

आम्हा दोघी बहिणींचे कोट शिवून आले. अंगणात चुलीवर पाणी ठेवून त्यात मेणाचा डबा सोडला, मेणात थोडं जवसाचं तेल घातलं. सारं अंगण मधासारखं दरवळलं. कुठूनशी एक मधमाशी आली आणि माझ्या बाहीवर बसून राहिली. उत्साहात आम्ही मेण इतकं थापलं, की वाळल्यावर माझा कोट भिंतीला टेकून आपोआप उभा राहिला. बहिणीनं त्याला वाकून नमस्कार केला, "या पाहुणे, बसा." हसता हसता लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग वर रद्दी पेपर टाकून इस्त्री फिरवली, तेव्हा कुठे जादा मेण निघालं आणि कोटाच्या बाह्या वाकू लागल्या.

भाद्रपदातल्या एका रविवारी धरणावर आम्हाला जोराच्या सरीनं गाठलं. खांद्याच्या शिवणीतून थोडं पाणी झिरपलं खरं, पण छाती-पाठ कोरडी. दुर्बीण कोटाच्या आत सुखरूप. सर ओसरली तशी पाणकावळ्यांची रांग पंख पसरून खडकावर बसली, आणि आम्ही आडोसा न शोधता त्यांना निवांत पाहत उभ्या राहिलो. इतक्या वर्षांत पावसात असं मजेत उभं राहणं मला कधी जमलं नव्हतं.

जाळं आवरत असलेली एक कोळीण जवळ आली. तिनं माझी बाही नाकाशी नेली.

"बाई, ह्याला मधाचा वास येऊन राहिला. कुठं मिळतंय?"

"मिळत न्हाई, करावं लागतं," मी म्हणाले.

"मग मला दाखवता का? आमचे धनी पहाटं होडीवर भिजत्यात."

पुढच्या रविवारी पक्षी राहिले बाजूला. तिच्या झोपडीसमोर चूल पेटली, शिवणीला दोनदा मेण लावायचं ठरलं, आणि तिचे धनी चाचांनी शिवून दिलेला नवा कोट घालून सगळ्यांसमोर ऐटीत एक फेरी मारून आले.