डॉक्टरांपासून लपवलेली पाचर

सातपूरच्या कारखान्यात मी पत्रा दाबून कापणारी पॉवर प्रेस चालवतो. छातीत धडधड सुरू झाली, झोप उडाली, तेव्हा कंपनीत कुणाला कळू नये म्हणून मानसोपचाराचा दवाखाना मुद्दाम नाशिक रोडला शोधला. डॉक्टरीणबाईंनी काम विचारलं. मी ठोकून दिलं, "किराणा दुकान आहे."

"मग ही गोळी चालेल. सकाळी थोडी गुंगी राहते," त्या म्हणाल्या.

प्रेस चालवताना दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून तिला दोन बटणं असतात; दोन्ही एकदम दाबली तरच ती खाली येते. माल जास्त निघावा म्हणून आम्ही दीडशहाणे डावं बटण लाकडी पाचर ठोकून दाबूनच ठेवतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मला उभ्या उभ्या डुलकी लागली. दचकून पाहिलं, तर डावा हात प्रेसखाली आणि उजव्या हाताचं बोट बटणावर टेकलेलं. ते बोट उचलायचीसुद्धा भीती वाटली.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन खरं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "गुंगी न आणणारी औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत. पण मी दुकानदाराला औषध दिलं होतं. आणखी काय लपवलंय?"

मी खिशातली पाचर काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.