सुटलेल्या बाईची बातमी

मी उभी हयात पेपरात गुन्ह्यांच्या बातम्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी निजामाच्या काळातल्या खुनांवर कादंबऱ्या लिहिल्या. लोक विचारतात, जुनेच खून कशाला? ऐका मग.

औरंगपुऱ्यात घरोघरी पोळ्या करणारी एक बाई होती. म्हाताऱ्या मालकाला जेवणातून विष घातलं म्हणून तिला पकडलं. बातमी पहिल्या पानावर, तिच्या फोटोसकट, माझ्या नावानं. पुढं कोर्टात ती निर्दोष सुटली. म्हातारा त्याच्या आजारानंच गेला होता. मी धावत बातमी घेऊन गेलो, तर संपादक चहा पीत म्हणाले, "सुटली? त्यात कसली आली बातमी?" नाहीच छापली. डोक्यात अशी तिडीक गेली! पण नोकरी टिकवायची होती.

बाई रस्त्यात दिसली की विचारायची, "साहेब, मी सुटल्याचं आलं का हो पेपरात? लोक सैपाकघरात पाय ठेवू देईनात." काय सांगणार, कप्पाळ!

शेवटी कादंबरीत मी तिला दौलताबादच्या किल्ल्यावर नेलं. किल्लेदाराची स्वयंपाकीण, तिच्यावर विषाचा आळ, शेवटच्या प्रकरणात निर्दोष. पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"यात मी सुटते ना?"

"व्हय."

"छापलंय ना पण?"

"छापलंय बाई."

तेव्हा कुठं हसली.

परवा पाहुण्यांना घेऊन किल्ल्यावर गेलो. एका पडक्या खोलीपाशी गाइड थांबला. "याच जागी स्वयंपाकिणीनं किल्लेदाराला विष घातलं. असली हिस्ट्री हाय!"

मी त्याला बाजूला घेतलं. "अहो, ही माझ्या कादंबरीतली गोष्ट. आणि तिनं विष घातलंच नाही."

"तुम्ही लिहिलं? लई भारी साहेब! अर्धं वाचलंय मी."

"उरलेलं वाचा. ती सुटते."

"सुटली तर मग पब्लिकला दाखवू काय?"

च्यायला, हाही संपादकच निघाला! तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "मग फाशी दिली का तिला?"

"दिली की. त्या समोरच्या बुरुजावर."

सगळ्यांनी मोबाइल काढून बुरुजाचे फोटो घेतले. माझ्या पाहुण्यांनीसुद्धा.

बाई अजून औरंगपुऱ्यातच राहते. तिला कुणी किल्ला दाखवायला नेऊ नका, एवढंच हात जोडून सांगतो.