सातव्या महिन्याची ओटी

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर माझी पाळी थांबली आणि पोट वाढू लागलं. चोपड्याच्या आमच्या घरात आनंदीआनंद झाला. पोटात काही हलत नाही, असं मी सासूबाईंना दोनदा सांगितलं. पहिलटकरणीला उशिरा कळतं, म्हणाल्या. "दवाखानामा कसाले? नजर लागी जाई." सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून, गल्लीतल्या बायका बोलावून त्यांनी माझी ओटी भरली.

आठवड्याभरात दुखणं असह्य झालं, तेव्हा कुठे मला जळगावला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल नाहीच, बीजकोशाला गाठ आहे. दर महिन्याला बीज वाढवायला शरीर जी प्रथिनं तयार करतं, तसलीच या गाठीलाही पोसतात. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी मलाच झापलं. डोहाळे पुरवून घेत होते, दुसरं काय सांगणार! दोन्ही बीजकोश काढावे लागले.

पुढच्या वर्षी धाकट्या जावेला सातवा लागला. तिची ओटी भरायला मला कुणी हाक मारली नाही. पंगतीसाठी केळीची पानं मात्र मलाच कापून आणायला लावली.