लेकीचा आकडा पंधरा

मैत्रिणींनो, आज मंडळाच्या फळ्यावर पाककृती नाही, मनातली घालमेल लिहिते.

माझं वजन वाढलंय म्हणून सकाळी महाडला डॉक्टरांकडे गेले. सोबतीला लेक सुमन होती. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की आकडा साडेअठरा ते पंचवीस यावा, म्हणाले. माझा अठ्ठावीस आला. मग सुमनला काट्यावर उभं केलं, तर तिचा पंधरा.

"हिची काळजी जास्त आहे," डॉक्टर म्हणाले.

लग्न जमावं म्हणून सोळा सोमवारांचे उपास मीच तिला धरायला लावले, इतर दिवशीही एकच वेळ जेवण. उतरलेल्या चेहऱ्याला मी व्रताचं तेज म्हणत होते.

एसटीत ती म्हणाली, "उठलं की अंधारी येते गं."

"मग बोलली नाहीस?"

"व्रतात कुरकुर नसते, तूच म्हणालीस."

येत्या सोमवारी सकाळीच तिच्यासाठी कुकरला भात लावणार आहे. देव समजून घेईल. पण तिला वाढताना काय बोलू, सांगाल?